भिवाजीच्या वल्ह्याचा डूख

मी एक जुनं वल्हं आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी डूख धरून आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गोड बोलतात, झालं गेलं विसरून जा म्हणतात. मी तसलं काही म्हणणार नाही. माझ्या मालकाचा भर गावात अपमान झाला तेव्हा मी तिथेच उभा होतो. मालक तो अपमान विसरला. मी विसरलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

ठाण्याला कोपरीच्या खाडीकाठी जो कोळीवाडा आहे, तिथला नामा कोळी याने मला घडवलं. सागाचा सोट आणला, आठ दिवस तासला, माशाचं तेल पाजलं. त्या वर्षी त्याचा धाकटा मुलगा भिवाजी दहा वर्षांचा होता. नामाने मला त्याच्या हातात दिलं आणि त्याला खाडीत नेलं. मी त्या पोराच्या जवळजवळ दुप्पट उंच होतो. त्याला पेलवेना, पण सोडायला तयार नाही.

आता नीट ऐका, कारण पुढची सगळी भांडणं यावरूनच आहेत. आमच्याकडे डोल लावतात. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं. खाडीच्या तळात दोन खुंट रोवायचे, त्यांना जाळं बांधायचं, आणि ओहोटीचं पाणी मासळी आत लोटतं. पण खुंट कुठेही रोवून चालत नाहीत. चार हात इकडे गेलं तर चिखल, चार हात तिकडे गेलं तर खडक. प्रत्येक घराची ठरलेली जागा असते, आणि ती जागा पाण्यावर लिहून ठेवता येत नाही. ती डोक्यात ठेवावी लागते.

नामाने भिवाजीला होडीत उभं केलं. "मागं बघ," तो म्हणाला. "बंदरावरच्या दीपमाळेमागं देवीचा कळस लपला कं?" लपला होता. "आता तिकडं, कळव्याच्या अंगाला. ती जोडचिंच पारसिकच्या डोंगराच्या खाचेत बसली कं?" बसली होती. "मंग थांब. हीच आपली जागा."

एवढंच. एकदाच सांगितलं. दहाव्या वर्षी डोकं ओल्या चिखलासारखं असतं. पाऊल उमटतं आणि वाळलं की तसंच राहतं. भिवाजी पुढे साठ वर्षं माझ्या जोरावर त्या जागेवर गेला, धुक्यात गेला, तापात गेला, आणि एकदाही चुकला नाही.

तिशीत त्याचं डोकं माझ्या पात्यापेक्षा झपकन वळायचं. वारा, भरती, दुसऱ्याची होडी, बाजाराची वेळ, सगळ्याचा हिशोब एका दमात. पन्नाशीत तो सावकाश झाला, पण शहाणा झाला. तरुण पोरं धावत सुटायची तिथे हा बसून राहायचा आणि बरोबर निघायचा. त्या काळात गावात कुणाची होडी अडली की लोक म्हणत, "भिवाजीला विचारा." कौतुक असं ऐकायला मिळायचं की मी सुद्धा तेल न लावता चमकायचो.

आता दौलतची ओळख करून देतो. नाव घेतलं तरी माझ्या लाकडाला चीर जाते.

दौलत म्हणजे भिवाजीच्या थोरल्या भावाचा, नाथाचा मुलगा. नाथा तापाने गेला तेव्हा दौलत पाच वर्षांचा होता. भिवाजीने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला, खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, होडीवर घेतला. दीपमाळ आणि चिंच जुळवून जागा गाठायची ती ओळ शिकवायलाही बसवला. पण तोवर दौलत पंचविशीचा झाला होता आणि त्याला घाई होती. "काका, खुंट तर समोर उभे हायत," तो म्हणाला. "ओहोटीला डोकी दिसतात. लक्षात ठेवायचं कं त्यात?" त्याने दीपमाळेचं तेवढं ऐकलं, चिंचेचं ऐकलंच नाही. भिवाजी हसला. मी तेव्हाच दौलतच्या नडगीवर बसायला हवं होतं.

भिवाजीचा स्वतःचा मुलगा काविळीने लवकर गेला. घरात राहिली सून शेवंती, जी ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची, आणि तिची मुलगी सरस्वती. भिवाजी आणि दौलत मिळून डोल लावत, मासळी दोन्ही घरांत जाई. सगळं ठीक चाललं होतं.

मग १९८५ च्या सुमाराला भिवाजीला विसरायला होऊ लागलं. आधी नावं गेली. शेवंतीला तो मंजुळा म्हणू लागला. मंजुळा ही त्याची बायको, तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. मग जेवण गेलं. ताट उचललं की विचारायचा, "आज जेवायला नाय कं?" शेवंती बिचारी परत मूठभर भात वाढायची. मग गल्ली गेली. स्वतःच्या दारासमोर उभा राहून तो शेजारच्या हौसाबाईला विचारायचा की भिवाजी कोळ्याचं घर कुठलं. आणि मला तो हातातून सोडेना. डोक्याच्याही वर दोन हात उंच असं वल्हं घेऊन म्हातारा गावातून काठी टेकत चालल्यासारखा चालायचा. पोरं मागे लागायची, बायका पदर तोंडाला लावायच्या.

पण मित्रांनो, एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, ती माझ्या आली. त्याचा हात विसरला नव्हता. होडीत बसवलं की तीच पकड, वल्हवायचा तोच झोका. कालचं पाणी त्याच्या डोक्यातून वाहून गेलं होतं आणि तळाचा खडक तसाच होता.

दौलतला तळाशी काय देणंघेणं! त्याने गावकी बोलावली. आमच्याकडे जागेचा निवाडा देवीच्या अंगणात होतो, पाटील सांगतील तो शेवटचा. पाटील तेव्हा कुंडलिक होते. शेवंती बायकांमध्ये मागे बसली होती. भिवाजी मला धरून मधे उभा. त्याला वाटत होतं, काहीतरी सण आहे.

दौलत उठला. "पाटील, ज्याला आपली जागा सांभालता येते त्याची जागा. आपला रिवाज हाय. माझ्या काकाचं डोकं जाग्यावर नाय. आता बगा." आणि तो वळला, तोंडभर हसत, लहान पोराशी बोलतात तसा. "काका, सकाली कं खाल्लंस?"

भिवाजी विचारात पडला.

"बरं, आज वार कुठला?"

भिवाजीने आभाळाकडे पाहिलं.

"माझ्या बायकोचं नाव तरी सांग. तूच तिला सून करून घरात आणलीस."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. त्याने सगळ्यांकडे बघितलं, मग हळूच म्हणाला, "माझ्या बापाला विचारा. नामाला. तो येईल इतक्यात."

अंगण हसलं. काही हसले, काही गप्प बसले, पण गप्प बसणारे उठले नाहीत. पाटलांनी मान खाली घालून सांगितलं की जागा दौलतच्या नावावर. आणि मग दौलतने काय केलं ठाऊक आहे? पुढे आला, भिवाजीच्या मुठीचं एकेक बोट सोडवलं आणि मला काढून घेतलं. "पडशील, काका," म्हणाला. मला भिंतीला टेकवलं आणि निघून गेला. म्हाताऱ्याचे हात तसेच वर राहिले, मला धरल्यासारखे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत हे मला माहीत आहे, तरी गेली. त्या दिवशी मी शपथ घेतली की एक दिवस ह्याच अंगणात ह्याच माणसाचं तोंड उतरलेलं बघेन.

पुढची दोन वर्षं माझी फार वाईट गेली. शेवंतीने मला अंगणात दोरी ताणायला उभं केलं. ज्याने पारसिकखालची ओढ अंगावर घेतली, त्याच्यावर परकर वाळत होते. शेवंतीचा तरी काय दोष? घरची मासळी बंद झाली होती. ती आता दुसऱ्यांची मासळी पाटीत घेऊन बसायची, आणि संध्याकाळी येऊन म्हाताऱ्याला भरवायची.

दुपारी घरात दोघंच असत, भिवाजी आणि सरस्वती. शाळेतून आली की ती माझ्या सावलीत बसायची आणि आजा तिला ओळ सांगायचा. "दीपमाळेमागं कळस लपला, चिंच खाचेत बसली, की थांब." सांगून झालं की पाणी प्यायचा आणि पुन्हा सुरू, "पोरी, तुला एक सांगतो, कुनाला सांगू नको." दुसऱ्या दिवशी तेच. कारण काल सांगितल्याचं त्याला आठवायचंच नाही.

मोठी माणसं काय करतात? "बाबा, दहादा सांगितलंत," म्हणून उठून जातात. सरस्वती दहा वर्षांची होती, तिला कंटाळा आला की ती उठत नव्हती, प्रश्न विचारत होती. मला वाटतं, मुलांचं डोकं आणि मोठ्यांचं डोकं यांत हाच फरक असावा. एक दिवस ती म्हणाली, "आजा, चिंच कुठंय? मना तर कळव्याला बिल्डिंगाच दिसतात."

म्हातारा उठला. मला दोरीसकट उपटलं, पोरीचा हात धरला आणि निघाला. पूल ओलांडला. स्वतःचं घर न सापडणारा माणूस कळव्याच्या गल्ल्यांतून असा चालला की विचारू नका. एका सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनने अडवलं, "ओ बाबा, ये डंडा लेके किधर?" सरस्वती म्हणाली, "आजोबांची चिंच बघायची आहे." तो बघतच राहिला. आत पाण्याची उंच टाकी होती, आणि टाकीच्या खांबाला लागून दोन जाड खोडांचे बुंधे, कापलेले, वर कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवलेली. भिवाजीने बुंध्यावर हात ठेवला. "ही बघ," म्हणाला. "उंच झाली आता." तो टाकीकडे बघत होता.

परत येताना पुलावरच त्याचं सगळं पुसलं गेलं. "आपण कुठं चाललो, बाय?" पोरगी त्याला घरी घेऊन आली. जाताना त्याने नेलं आणि येताना तिने आणलं, आणि मी दोघांच्या मधे होतो.

१९८८ च्या पावसाळ्यात एक रेतीचा बार्ज सुटला आणि आमच्या जागेवरून घासत गेला. खुंट मोडून वाहून गेले. ओहोटीला जिथे दोन डोकी दिसायची तिथे नुसतं पाणी. दौलतची पाचावर धारण बसली. दीपमाळेची ओळ त्याला ठाऊक होती, पण त्या ओळीवर किती आत जायचं? एकदा खुंट रोवले, ते चिखलात कलंडले. दुसऱ्यांदा रोवले, जाळं खडकावर फाटलं. आणि गावचा रिवाज असा की नारळी पौर्णिमेनंतर दसऱ्यापर्यंत खुंट उभे राहिले नाहीत, तर जागा जो उभे करील त्याची. जागेचा तोच रिवाज, जो त्याने काकावर चालवला होता! मी दोरीवर असूनही नाचत होतो.

दसऱ्याला चार दिवस राहिले आणि दौलत आमच्या अंगणात आला, हातात जिलेबीचा पुडा. आला रे आला, मी म्हटलं. आता भिवाजी, बोल त्याला. लाव त्याला हाकलून.

भिवाजीने वर बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "ये रं बाला, बस. जेवलास कं?"

मित्रांनो, मला रडू कोसळायचं बाकी होतं. त्याला आठवतच नव्हतं. अंगण नाही, हसणं नाही, सोडवलेली बोटं नाहीत. दौलतने ओळ विचारली, आणि माझा भोळा म्हातारा सांगू लागला! "दीपमाळेमागं कळस लपला..."

"ते ठाव हाय. पुढं?"

"चिंच खाचेत बसली, की थांब."

"कुठली चिंच?"

"जोडचिंच. कळव्याची. ती काय, एवढी उंच."

दौलतने कळव्याकडे पाहिलं. इमारतींची रांग. त्याने अजून एक प्रश्न विचारला असता, "दाखव," म्हटलं असतं, तर म्हातारा उठून गेला असता त्याच्याबरोबर. सरस्वती उंबऱ्यात होती, तिला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं, पोरच ते. पण दौलतने कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षांपूर्वीचं झाड सांगतोय. खुला तो खुलाच!" जिलेबीचा पुडा तिथेच टाकून तो गेला. त्याने स्वतःचं नशीब स्वतःच्या पायाने तुडवलं, मला काहीच करावं लागलं नाही.

शेवंती दारात आली होती. खुळा हा शब्द तिने ऐकला. तिने जिलेबी कावळ्यांना घातली, माझी दोरी सोडली आणि मला तेल लावलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा.

दसऱ्याला गावकी भरली. दौलत अजून मुदत मागत होता. तेवढ्यात बायकांतून शेवंती उठली. बायका गावकीत बोलत नसत, पण बाजारात वीस वर्षं ओरडलेला गळा तो, सगळ्यांना ऐकू गेला. एका हाताला भिवाजी, एका हाताला मी, पुढे सरस्वती.

"पाटील, दोन वर्षांमागं या अंगणात माझ्या सासऱ्याला तीन सवाल इचारले. मी एकच इचारते. दौलतभावजी, चिंच कुठं व्हती?"

दौलत पाटलांकडे बघू लागला.

"ज्याला आपली जागा सांगता येत नाय त्याची जागा नाय. तुमीच म्हनालेलात. सांगा ना! सकाली कं खाल्लंत ते आठवतंय, मंग चिंच बी आठवत असंल."

अंगण हसलं. ह्या वेळी दौलतला. तोंडात मारल्यासारखा उभा होता तो, कानापर्यंत लाल. मित्रांनो, मी खोटं बोलत नाही, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत गोड आवाज होता.

"पोरी, तू सांग," शेवंती म्हणाली. आणि सरस्वतीने पाढे म्हणावेत तसं सगळं म्हटलं. दीपमाळ, कळस, खाच, पाण्याची टाकी आणि टाकीखालचे दोन बुंधे. हजारदा ऐकलेलं होतं, चुकणार कसं?

पाटील म्हणाले, बघूच. दुसऱ्या दिवशी ओहोटीला होड्या निघाल्या. आमच्या होडीत भिवाजी, सरस्वती, पाटील आणि साक्षीला दौलत. चढताना मी जरा घसरलो आणि दौलतच्या नडगीवर बसलो. चुकून म्हणा. तो कळवळला. मला वाईट वाटलं नाही.

भिवाजीच्या हातात मला दिलं आणि तो सरळ बसला. सरस्वती उभी राहून बघत होती. "आजा, कळस लपला... अजून थोडं... टाकी खाचेत आली, थांब!" पण ती थांब म्हणायच्या आधीच म्हाताऱ्याने मला पाण्यात उभं घातलं होतं. मी खाली गेलो, चिखलात शिरलो, आणि कशाला तरी टणकन लागलो. मी लगेच ओळखलं. मोडलेल्या खुंटाचा बुडखा होता तो, नामाच्या हातचा. पाटलांनी मला धरून दोनदा ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "हीच जागा. शेवंतीच्या नावावर लावा."

मी वाट बघत होतो की आता भिवाजी दौलतकडे बघेल आणि एक तरी शब्द टोचून बोलेल. त्याने बघितलं. मग मायेनं, आपल्या थोरल्या भावाशी बोलावं तसं म्हणाला, "नाथा, तुझ्या पोराला उद्या घेऊन ये हां. दौलतला. शिकवतो त्याला ओळ. लहान हाय तवरच बसतं डोक्यात."

दौलतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी मात्र चिडलो होतो. दोन वर्षं मी दात-ओठ खाल्ले, आणि जिंकला त्याला आपण जिंकलो हे ठाऊकच नाही! पुढच्याच वर्षी भिवाजी गेला. शेवटपर्यंत त्याच्या लेखी त्याचा कुणी अपमान केलाच नव्हता. अपमान सांभाळायला मी एकटा उरलो.

आता १९९८ चाललं आहे. सरस्वती वीस वर्षांची झाली, कल्याणला कॉलेजात जाते. मी ओसरीवर भिंतीला असतो, परकरांपासून सुटलो. आणि दौलत साठी ओलांडून गेला. मध्यंतरी तो चष्मा शोधू लागला, मग नातवंडांची नावं. मी मोजत होतो. लाजू कशाला? मला आनंद होत होता. गेल्या महिन्यात तो आमच्या ओसरीवर येऊन उभा राहिला आणि शेवंतीला म्हणाला, "मंजुलाकाकी, काका आला कं खाडीवरनं?"

बारा वर्षं मी ह्याच दिवसाची वाट पाहिली. विचार, सरस्वती, मी म्हटलं. विचार त्याला, सकाळी काय खाल्लं. वार विचार. बायकोचं नाव विचार!

सरस्वतीने मला उचललं आणि त्याच्या हातात दिलं. भिवाजीच्या मुठीने माझ्यावर पडलेल्या खळग्यात त्याची बोटं बसली. ती म्हणाली, "काका, दीपमाळेमागं कळस लपला. मग पुढं?"

दौलतने खाडीकडे पाहिलं. मग तो निश्चिंत हसला. "काकाला येऊ दे," म्हणाला. "त्याला सगलं ठाव हाय. भिवाजीकाका कवाच चुकत नाय."

हेच ऐकायचं होतं मला. हेच, बारा वर्षं, त्याच्या तोंडून, भर अंगणात पाटलांसमोर. आणि ते आलं तेव्हा ऐकायला ओसरीवर सरस्वती, शेवंती आणि मी. बोलणाऱ्याला आपण काय बोललो ते पुढच्या घटकेला आठवत नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी तीच गोष्ट पुन्हा सांगायला बसलं, तर उठून जाऊ नका. सकाळी काय खाल्लं ते तर अजिबात विचारू नका. चिंच कुठे होती ते विचारा आणि दाखवायला लावा. नाही तर तुमच्या घरातही भिंतीला टेकून कुणी उभं असेल, आणि ते माझ्यासारखं निघालं तर तुमची खैर नाही.

दौलत आता रोज दुपारी येतो. सरस्वती असली तर ती, नाही तर शेवंती त्याला ओळ सांगते, रोज पहिल्यांदाच सांगितल्यासारखी. मी त्याच्या हातात असतो. डूख सुटला असं मी म्हणणार नाही, त्याची नडगी अजून मला जवळच दिसते. पण परवा त्याचा तोल गेला, तेव्हा मी घट्ट उभा राहिलो आणि त्याला पडू दिलं नाही.